पॉट आइस्क्रीम आणि सासूबाईंचा हंडा

मैत्रिणींनो, आइस्क्रीम आता गावोगावच्या टपरीवर मिळतं. पण लाकडी बादलीच्या पॉटमध्ये, हाताने फिरवून केलेलं आइस्क्रीम खाल्लंय कधी? जव्हारला माझ्या माहेरच्या आळीत दर मे महिन्यात एका संध्याकाळी सगळे मिळून ते करतात. दूध वर्गणीतून, साखर कुणाकडून तरी, आणि हँडल फिरवायला आळीतली झाडून सगळी पोरं. यंदा आम्ही दाभोशाहून सहकुटुंब गेलो. हे, दोन्ही मुलं आणि प्रथमच सासूबाई. त्यांनी घरच्या रायवळ आंब्यांची पाटी बरोबर घेतली होती. म्हणाल्या, "व्याह्यांकडं मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

कृती तशी सोपी, पण घाई नको. दूध आटवून, साखर घालून पूर्ण गार करायचं. गरम दुधात आंब्याचा रस घातलात तर दूध नासलंच म्हणून समजा. रायवळचा रस दोरेदार, तो गाळून घ्यायचा. डबा वरपर्यंत भरायचा नाही, आइस्क्रीम फुगतं. डब्याभोवती बर्फाचे तुकडे आणि खडे मीठ, सहा-आठ वाट्या बर्फाला एक वाटी मीठ. मिठाने बर्फ वितळतो, आणि वितळताना डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेतो. नुसत्या बर्फाने हे व्हायचं नाही. मीठ कमी पडलं तर फिरवून फिरवून हात दुखतात, जास्त झालं तर आइस्क्रीम खरखरीत लागतं. आणि बर्फ खायचाच आणा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम 2018 साली झाला आहे, तेव्हा निळसर लादी दिसली की परत पाठवावी.

तर हँडल फिरत होतं, आणि बादलीच्या भोकातून खारं पाणी गटारात वाहत होतं. सासूबाई खुर्ची सोडून तिथे उकिडव्या बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "अगं, याला भांडं लावा की. वाया चाललं पानी."

सगळ्या हसल्या. वहिनी म्हणाली, "अहो, ते खारट आहे." सगळ्यांत मोठ्याने हसले ते मी. सासूबाई गप्प झाल्या.

तुम्ही दाभोशाला पावसाळ्यात आला असाल. लेंडी नदीचा तीनशे फुटांचा धबधबा पाहून, फोटो काढून गेला असाल. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण कातळाचा उतार, पाणी थांबतच नाही. मे महिन्यात नदीची धार बारीक, आणि जी असते ती खोल दरीत. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावं लागतं. मी शाळेत अर्धा वेळ शिकवते म्हणून सकाळचे तीन फेरे सासूबाईच करतात. पहिला पहाटे चारला. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी हसले. माहेरच्या माणसांत बसलं की आपण कुणाच्या होतो, कोण जाणे!

आइस्क्रीम फार सुरेख झालं. सगळ्यांनी आंबे कुठले म्हणून विचारलं. सासूबाईंनी मोजून दोन चमचे खाल्ले. "दात शिवशिवतात," म्हणाल्या.

निघताना पाहिलं, तर गोणपाटात जवळजवळ अर्धी लादी शिल्लक. वहिनी ती गटाराकडे ढकलत होती. कुणाच्या घरून काही मागायची मला भारी लाज. पण म्हटलं, "वहिनी, तो बर्फ मला दे. आणि एक मोठा हंडाही दे. पुढच्या खेपेला परत आणीन."

सगळ्या बघत राहिल्या. ह्यांनी मुकाट्याने लादी फोडून हंड्यात भरली.

जीपमध्ये वीसेक किलोमीटर तो हंडा सासूबाईंनी मांडीशी धरून ठेवला. लुगडं भिजलं तरी सोडला नाही. आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. घरी पोचलो तेव्हा वर थोडे तुकडे तरंगत होते, बाकी पाणी. लादी गटाराकाठी पडलेली, म्हणून मी बजावलं, "हे पिऊ नका हं, भांड्यांना वापरा."

त्यांनी हंड्यावर फळी ठेवली, तिच्यावर दगड ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या पाचला उठेन."