तंबाखू नाही, तरी घशाचा कॅन्सर?

"डॉक्टर, मी सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. मग मला कसा?" हा प्रश्न मी ओपीडीत अधूनमधून ऐकतो. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण आजही तंबाखूच आहे. पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या काही कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. गर्भाशयमुखाचा कॅन्सरही यानेच होतो.

हा विषाणू शरीरसंबंधातून, मुखमैथुनातूनही पसरतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्या जणांत मात्र टिकून राहतो आणि बऱ्याच वर्षांनी पेशी बिघडवतो. म्हणून निदान ऐकून पती-पत्नी एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, की मी सांगतो, संसर्ग केव्हा आणि कोणाकडून झाला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. रिपोर्ट म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. आणि घरच्यांनो, रुग्णासोबत एका ताटात जेवल्याने कॅन्सर होत नाही.

दिलासा असा, की एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कॅन्सर तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद देतो.

त्याचं पहिलं लक्षण अनेकदा मानेतली न दुखणारी गाठ असतं. दुखत नाही म्हणून शेक देत बसू नका. तीन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. घरात ९ ते १४ वयाची मुलं असतील, तर एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. मुलींसाठी आणि मुलांसाठीही.