सशाचे दात आणि डोंगरउतारावरचे गवत

ज्या प्राण्याला आपले दुःख बोलून दाखविता येत नाही, इतकेच नव्हे तर शिकारी जनावरांच्या भयाने ते लपविण्याचीच ज्याला उपजत सवय असते, त्याचे पालकत्व किती जोखमीचे असते, याची प्रचीती मला माझ्या भाचीच्या सशाने आणून दिली. भाचीच्या यजमानांची बदली परप्रांतात झाली आणि शहरातल्या सदनिकेत पाव, बिस्किटे व गाजरे यांवर वाढलेला हा आखूड तोंडाचा, वाटोळ्या गालांचा कापशा आमच्या चिपळूणच्या घरी कायमच्या मुक्कामास आला.

वाटी पुढे सरकविताच तो धावत येई, म्हणून भूक उत्तम आहे असे घरात सर्वांनी धरले होते. परंतु पाला तोंडात धरून तो तसाच टाकून देतो, हनुवटीखालचे केस लाळेने सदोदित ओले असतात, एका डोळ्यातून पाणी झिरपते आणि लेंड्या दिवसेंदिवस बारीक व विरळ होत आहेत, हे ध्यानात आल्यावर मी त्याचा ओठ हलकेच वर करून पाहिला. खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या मागे असावयाचे, ते पुढे येऊन तोंडाबाहेर झुकले होते आणि वरचे दात टाळूच्या रोखाने आत वळले होते.

नखे कापण्याच्या कटरने दात छाटून टाका, असा सल्ला प्राण्यांच्या खाद्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी दिला. गावातल्या पशुवैद्यांनी मात्र तो ऐकताच कटाक्षाने मना केले. "काका, कटरच्या दाबाने दात मुळापर्यंत उभा चिरतो आणि मग जबड्यात पू धरतो. माझे सारे काम गाई-बैलांचे. सशाची भूल फार नाजूक असते. तुम्ही याला पुण्याला न्या." आपल्या विद्येची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या त्या माणसाविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. कुंभार्ली घाट चढून आम्ही कऱ्हाडमार्गे पुण्यास गेलो. सशाला ओकारी होतच नाही आणि पोट रिकामे राहिले तर आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतते. म्हणून भूल द्यावयाची असली तरी त्याला उपाशी ठेवू नये, अशी सक्त ताकीद आधीच मिळाली होती. त्याप्रमाणे वाटभर त्याच्यापुढे बारीक चिरलेला पाला ठेवला होता.

तेथील डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरण चित्र समोर धरून जे सांगितले, ते ससा पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावयास हवे. सशाला एकंदर २८ दात. पैकी पटाशीचे ६, आणि त्यांतले २ वरच्या मोठ्या दातांच्या पाठीमागे दडलेले. (या दडलेल्या जोडीसारख्या लक्षणांवरूनच गिडली या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सशांचा गण उंदरांपासून निराळा मानावा, असे प्रतिपादिले.) हे सारे दात, दाढांसुद्धा, आयुष्यभर वाढत राहतात, पटाशीचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. ही वाढ झिजविण्याचे काम लाकडाचा ठोकळा करीत नाही. ते दातावर दात घासून आणि सिलिकायुक्त चरबरीत गवत तासन्‌तास चघळून होते. पाव-बिस्किटांना चर्वणच लागत नाही, त्यामुळे खालच्या दाढांना जिभेकडे आणि वरच्यांना गालाकडे धारदार टोके फुटतात, मुळे उलट दिशेने वाढून अश्रुनलिकेवर दाब देतात आणि डोळा गळू लागतो. कापशाचे दुखणे दुहेरी होते: आखूड जबड्यामुळे पुढचे दात जन्मतःच जुळत नव्हते आणि खाण्यामुळे दाढाही बिघडल्या होत्या.

भूल देऊन दाढांची टोके आणि पटाशीचे दात फिरत्या सूक्ष्म हत्याराने घासून काढले. त्याच संध्याकाळी त्याने कोथिंबिरीची काडी शेवटपर्यंत चावून गिळली, तेव्हा माझ्या भाचीशी फोनवर बोलताना माझा कंठ दाटून आला. तथापि पटाशीचे दात पुन्हा वाढणारच होते. काही महिने ती दगदग सोसल्यावर सहाही दात काढून टाकण्याची तजवीज बाईंनी सुचविली. निरोगी मुळे उपटण्याची ती कल्पना घरातल्या मंडळींना क्रूर वाटली. मला मात्र दर थोड्या दिवसांनी होणारी घासणी, प्रवास आणि धास्ती हीच अधिक क्रूर वाटत होती, आणि मी संमती दिली. मुळाशी वाढीचा अंश उरला तर दात पुन्हा येऊ शकतो, म्हणून नंतरही तपासणी चालू ठेवावी लागली.

आता तो ओठांनी घास उचलतो आणि दाढांनी चावतो. त्यामुळे पालेभाजी अरुंद पट्ट्यांत चिरावी लागते, आणि गवत बोटभर लांबीचे कापावे लागते. हे गवत ऑक्टोबरात डोंगरउतारावर कापणी होते तेव्हा मी भाऱ्याने घेऊन उन्हात खडखडीत वाळवितो आणि पोटमाळ्यावर रचतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आलेल्या महापुरानंतर जपून ठेवण्याची कोणतीही चीज तळमजल्यावर ठेवण्यास मन घेत नाही. पावसाळ्यात कोकणची दमट हवा या वाळल्या गवताला बुरशी आणते, म्हणून प्रत्येक पेंडी हुंगून, फोडूनच कापशापुढे टाकतो आणि जोडीला बांधावरचे ताजे गवत पाणी निथळवून देतो. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत मांडतो, कारण दाढांचे टोक पुन्हा बोचू लागले तर डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते वजनातच उतरते. मागच्या दोन नोंदींत थोडी घट आहे. पुण्याच्या बाईंना तसे कळविले असून त्यांनी येत्या शुक्रवारची वेळ दिली आहे.