दस्ता

लाकूड आणि लोखंड एकत्र नांदू लागले, की बहुधा लाकूड आधी थकते. रायपूरच्या तात्यापारा भागातील एका जुन्या मराठी घरातल्या रायफलीचे तसेच झाले होते. नळी अजून स्वच्छ होती. पण पकडीजवळ दस्त्याला उभी चीर गेली होती आणि पुढचे लाकूडही मागच्या टोकाशी उकलले होते.

भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून छत्तीसगडात आलेल्या माणसांपैकी हे घराणे. रायफल वडिलांनी घेतलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. त्यानंतर ती कपाटाबाहेर येई ती परवान्याच्या नूतनीकरणासाठी, नाही तर निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करण्यासाठी. परवान्यावर ‘३१५ बोअर’ लिहिलेले असे. घरात मात्र तिचे नाव ‘थ्री नॉट थ्री’. वडिलांच्या साऱ्या गोष्टींत ती याच नावाने वावरली होती.

आता सत्तरी ओलांडलेल्या मुलाला हे नाव नडले. कारण त्या नावाने शोधले, तर लष्करी रायफलीचे लाकूड पुढ्यात येई. दुरुस्तीचा परवाना असलेल्या वृद्ध मिस्त्रींनी ते बाजूला सारले.

“बाबूजी, नावावर जाऊ नका. लोखंड काय म्हणते ते बघा.”

आणि त्यांनी लोखंड वाचून दाखवले. दस्ता ज्या खोबणीत बसतो, तिच्या बाजूवर इशापूरच्या कारखान्याचा छाप होता. राजमुकुट नव्हे, सिंहमुद्रा. म्हणजे बनावट स्वातंत्र्यानंतरची. मागची माशी नळीवर होती. म्हणून ‘नंबर चार’ची शक्यता संपली, कारण तिची माशी पार मागे, डोळ्याजवळ असते. मॅगझीन पाच गोळ्यांचे. लष्करी ‘नंबर एक’चे दहांचे, आणि साठच्या दशकात निघालेल्या ७.६२ मिलिमीटरच्या इशापुरी रायफलीचे चौकोनी, बारांचे. लष्करी लाकूड नळीच्या तोंडापर्यंत जाते. हिचे अर्ध्यावर थांबलेले. यंत्ररचना तीच जुन्या ली-एनफिल्डची, पण.३०३ हे सैन्याचे काडतूस, म्हणून नागरिकांसाठी ८ मिलिमीटरचे, म्हणजे ३१५ चे, वेगळे माप काढले गेले.

मग मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकते. पुढचे लाकूड न उतरवता बोल्ट फिरवला, की ते फाटते. उकललेल्या टोकाकडे पाहत ते म्हणाले, “कोणीतरी घाई केली आहे.” ती घाई वडिलांची असावी, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात आले, घरात दुसऱ्या कोणी तिला हत्यार लावलेच नव्हते.

पुण्याच्या मुलाला परवाना नको होता. “बाबा, जमा करून टाका,” असे तो म्हणे, आणि त्याचे चूक नव्हते. याच मुलखात, कोरियाच्या जंगलात, १९४७ साली देशातले अखेरचे नोंदलेले तीन चित्ते मारले गेले होते. त्या काळाचा अभिमान मिरवावा असे बाबांनाही वाटत नसे. मिस्त्रींनी विचारले, “शोभेपुरती ठेवायची तर चीर चिकटवून देतो. वडिलांचे लाकूड राहील. पण चालवली, तर धक्का सगळा लाकडावर येतो, भरवसा नाही.”

ते बराच वेळ गप्प राहिले. वडिलांच्या गालाने घासून गुळगुळीत झालेली जागा त्या दस्त्यावर होती. रायफल दुसऱ्याच्या हाती जाणार होती. तो हात त्यांना ठाऊक नव्हता.

“नवे बसवा,” ते म्हणाले. “पुढचे लाकूड आधी उतरवून.”

काम झाल्यावर परवान्यावर काहीच बदलले नाही. तिथे बोअर आणि क्रमांक असतात. लाकडाची नोंद नसते. यथावकाश रायफल जमा झाली. पावतीवर त्यांनी ‘३१५’ हा आकडा दोनदा तपासला आणि सही केली.