असेंबल केलेला पीसी आणि पडद्यावरचे काम

चि. भाच्यास,


मोशन ग्राफिक्स आणि व्हीएफएक्स ही दोन नावे क्लासच्या पाट्यांवर एका दमात घेतली जातात, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे आहेत. मोशन ग्राफिक्समध्ये अक्षरे, आकृत्या, लोगो, नकाशे यांना गती द्यायची असते: बातम्यांची शीर्षके, यूट्यूब वाहिन्यांचे इंट्रो, गाण्याचे लिरिकल व्हिडिओ, एखादी योजना समजावून सांगणारी छोटी फिल्म. व्हीएफएक्समध्ये कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात नसलेली गोष्ट बसवायची किंवा असलेली काढायची असते. नटाच्या पाठीची वायर पुसणे, हिरव्या पडद्याच्या जागी गाव उभे करणे, कोरड्या रस्त्यावर पूर आणणे ही ती कामे. म्हणून पीसी घेण्याआधी दुकानातल्या भावपत्रकाकडे वळू नये. कोणते काम करायचे आणि त्याचा भार पीसीच्या कोणत्या भागावर पडतो, हे आधी कागदावर मांडावे.

सुरुवात एका फ्रेमच्या हिशोबाने करावी. फुल एचडी फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी चार आकडे साठवावे लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. आठ बिटमध्ये ही एक फ्रेम सुमारे 8 एमबी जागा घेते, 32 बिटमध्ये 33 एमबी. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 32 बिटचे दहा सेकंद 8 जीबीच्या पुढे जातात. तोच तुकडा 4केमध्ये चौपट होऊन 33 जीबी मागतो. मोशन ग्राफिक्ससाठी वापरले जाणारे आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर तयार झालेल्या फ्रेम न दाबता रॅममध्ये ठेवते आणि मुख्यतः तिथून प्रिव्ह्यू चालवते. 16 जीबीच्या मशीनवर विंडोज आणि खुद्द सॉफ्टवेअर यांचा वाटा गेल्यावर दहा सेकंदही मोठ्या मुश्किलीने बसतात. प्रिव्ह्यू अडखळला की नवशिका ग्राफिक कार्डाला बोल लावतो. बहुतेकदा संपलेली असते ती रॅम. म्हणून या कामाला 32 जीबी ही सुरुवात समजावी आणि रॅमचे दोन स्लॉट पुढच्यासाठी मोकळे ठेवावेत. पैसे नसतील तर प्रिव्ह्यू अर्ध्या रिझोल्यूशनवर चालवावा. त्यात पिक्सेल एक चतुर्थांश उरतात आणि हालचालीची लय तपासायला तेवढे पुरते. मात्र आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगांवर आठ बिटमध्ये पट्टे उमटतात. तिथे प्रोजेक्ट 16 बिटचा करावा आणि त्याची किंमत रॅममध्ये मोजावी.

हाच हिशोब डिस्कलाही लागू पडतो. 32 बिटच्या न दाबलेल्या फ्रेम सलग दाखवायच्या तर सेकंदाला 830 एमबी वाचावे लागतात. साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास थांबते, जुनी फिरती हार्ड डिस्क दीड-दोनशेवर. एनव्हीएमई एसएसडी काही हजार एमबी सहज देते. त्यामुळे कॅशे आणि चालू काम एनव्हीएमईवर, तर संपलेली कामे स्वस्त हार्ड डिस्कवर, ही विभागणी सोयीची पडते.

प्रोसेसरच्या बाबतीत निव्वळ कोअरची संख्या पाहून भुलू नये. आफ्टर इफेक्ट्स बरीच वर्षे एका वेळी एकच फ्रेम बनवत असे; अनेक फ्रेम एकदम बनवण्याची सोय ऑक्टोबर 2021 च्या आवृत्तीत आली. तरीही काही इफेक्ट एकाच कोअरवर अडून बसतात, म्हणून एका कोअरचा वेग आजही मोलाचा आहे. धूर, पाणी, कापड यांचे सिम्युलेशन मात्र कोअर आणि रॅम दोन्ही भरभरून वापरते.

थ्रीडी रेंडरिंगची बहुतेक मदार ग्राफिक कार्डावर असते, आणि तिथे कार्डाच्या वेगाआधी त्यावरची मेमरी पाहावी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे सायकल्स हे रेंडर इंजिन कार्डावर चालते तेव्हा दृश्यातली सगळी मॉडेल्स आणि टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत मावायला हवीत. मावली नाहीत तर रेंडर रखडते किंवा थेट बंद पडते. 2021 मध्ये आलेल्या आरटीएक्स 3060 कार्डावर 12 जीबी मेमरी होती, 2023 च्या आरटीएक्स 4060 वर आठच. गेम खेळणाऱ्याला नवे कार्ड सरस वाटले. झाडे, घरे आणि 4के टेक्स्चरने भरलेले दृश्य रेंडर करणाऱ्याला जुनेच जास्त उपयोगी पडले. मोशन ग्राफिक्सपुरते काम असेल तर कार्डावरचा खर्च कमी करून ते पैसे रॅममध्ये घालणे शहाणपणाचे आहे. सायकल्स हे एनव्हिडिया कार्डांवर सर्वांत सरावलेले आहे, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

मुंबईत असे सुटे भाग घ्यायला लोक ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जातात. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ऑनलाइन भाव आणि दुकानातला भाव दोन्ही पाहावेत, पण बिल जीएसटीचे आणि भागाचा सीरियल नंबर लिहिलेलेच घ्यावे. वॉरंटीच्या वेळी तोच कागद कामाला येतो. जुन्या कार्डांबाबत सावध असावे. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. असे कार्ड घ्यायचेच तर पैसे देण्यापूर्वी अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहावे. पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नयेत. स्वस्त सप्लाय जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो.

जुळणी स्वतः करण्याचा मोठा फायदा असा की पुढे बिघाड झाला तर तो कुठे शोधायचा हे माहीत असते. आधी पुठ्ठ्यावर मदरबोर्ड ठेवून प्रोसेसर बसवावा. त्याच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि वरून दाब देऊ नये. प्रोसेसर आपल्या वजनाने बसतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या शेजारीशेजारी न लावता प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात, म्हणजे दोन्ही चॅनल चालतात. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. कार्डाची पॉवर केबल शेवटपर्यंत आत गेली आहे ना, हे बोटाने चाचपावे. 2022 मध्ये आरटीएक्स 4090 च्या काही कार्डांचे कनेक्टर वितळले आणि त्यामागे अर्धवट बसलेली केबल हे एक प्रमुख कारण निघाले. डीडीआर5 रॅम असलेला बोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटे काळा पडदा दाखवतो. तेवढ्या वेळात तो रॅमची जुळवाजुळव करत असतो, घाबरून स्विच बंद करू नये. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावे, नाहीतर महाग रॅम कमी वेगाने धावत राहते. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक कार्डाला लावावी.

जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात खोलीचे तापमान चाळिशीला टेकते, तेव्हा कॅबिनेटमध्ये वारा खेळता असणे ही गरज होते. प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंशांपाशी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि रेंडर लांबते. समोरून थंड हवा आत, मागून व वरून गरम हवा बाहेर, आणि समोरची जाळी महिन्याला झटकायची. उन्हाळ्यात लांब रेंडर रात्री लावणे उत्तम.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला एक रुपयाही घालण्याची गरज नाही. ब्लेंडरची मूळ कंपनी 2002 मध्ये बुडाली. तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत 2018 पासून फ्यूजन आहे, म्हणजे कंपोझिटिंगची, वेगवेगळे थर एका चित्रात जुळवण्याची सोय आहे. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरची अव्यावसायिक आवृत्ती शिकण्यासाठी मोफत मिळते आणि स्टुडिओत नोकरी हवी असेल तर ती शिकावीच. सिम्युलेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या हूडिनीची अप्रेंटिस आवृत्तीही मोफत आहे, पण तिच्या चित्रावर वॉटरमार्क येतो. चोरीची सॉफ्टवेअर आणि फुकट वाटले जाणारे प्लगइन यांच्यापासून चार हात दूर राहावे. त्यांच्यासोबत येणारा व्हायरस गिऱ्हाइकाचे काम कुलूपबंद करून बसतो.

घरच्या मशीनवर किती मोठे काम होऊ शकते, याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण लॅटव्हियाचे आहे. गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला मार्च 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो ब्लेंडरमध्ये तयार झाला. अ‍ॅनिमेशनला फ्रान्स आणि बेल्जियममधल्या कलाकारांची साथ होती, पण रेंडर फार्म वापरला गेला नाही. रेंडरिंग दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पीसीवर झाले. एका 4के फ्रेमला अर्ध्या सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंत वेळ लागे, कारण वापरलेले इंजिन सायकल्सऐवजी ईव्ही होते. सायकल्स प्रकाशाच्या किरणांचा माग काढते, ईव्ही गेमसारख्या युक्त्यांनी चित्र झटपट उभे करते. चित्रपट 85 मिनिटांचा आहे, म्हणजे सेकंदाला 24 च्या हिशोबाने 1,22,400 फ्रेम. सरासरी पाच सेकंद धरले तरी सगळा चित्रपट सलग आठवडाभरात निघतो. सायकल्सवर फ्रेमला पाच मिनिटे लागली असती तर त्याच मशीनला वर्षाहून अधिक काळ लागला असता.

यात शिकण्यासारखे आहे ते चित्राच्या शैलीचा निर्णय. मांजराच्या अंगावरचा केस न् केस दाखवण्याचा हट्ट धरलेला नाही. अंगावरचे रंग ब्रशने ओढल्यासारखे आहेत आणि प्रेक्षकाचे लक्ष हालचालीवर, पाण्यावर, कॅमेऱ्याच्या लांब फिरतीवर राहते. मशीनला काय झेपणार नाही ते आधी ओळखून तेच नको असलेली शैली निवडणे, हे घरून काम करणाऱ्याचे सर्वांत मोठे कौशल्य आहे. गॅरेथ एडवर्ड्स यांनी 2010 च्या ‘मॉन्स्टर्स’ या चित्रपटाचे सुमारे अडीचशे इफेक्ट शॉट घरी बसून, बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केले, आणि त्यातही राक्षस बराच वेळ अंधारात किंवा दूर ठेवला आहे.

शॉटच्या पातळीवर ही निवड फार बारीक असते. समजा, मोबाइलवर शूट केलेल्या गल्लीत एक थ्रीडी रथ उभा करायचा आहे. शूट करतानाच फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावे, शटर 1/50 ठेवावा. 25 फ्रेमच्या वेगाला तो शोभतो आणि 50 हर्ट्झ विजेच्या दिव्यांची थरथरही येत नाही. मोबाइल फ्रेमचा वेग मधेच कमी-जास्त करतो, म्हणून फाइल आधी स्थिर वेगात बदलून घ्यावी, नाहीतर कॅमेरा ट्रॅक जुळत नाही आणि रथ जमिनीवर तरंगतो. हिरव्या पडद्यासमोर मोबाइलने शूट केले तर रंगाची माहिती उजेडाच्या मानाने एक चतुर्थांशच नोंदली जाते. त्यामुळे केसांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या निघतात आणि त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. रथ आणि कॅमेरा दोन्ही स्थिर असतील तर रथ दर फ्रेमला नव्याने रेंडर करू नये. सावली, चमक आणि रंग वेगवेगळ्या पासमध्ये काढून कंपोझिटिंगमध्ये जुळवावेत, म्हणजे गिऱ्हाइकाने ‘सावली थोडी कमी करा’ म्हटले की पुन्हा रात्रभर थांबावे लागत नाही.

रेंडर कधीही थेट एमपी4 मध्ये काढू नये. तीस सेकंदांच्या 750 फ्रेम, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे पन्नास तास. एकोणपन्नासाव्या तासाला वीज गेली तर एमपी4 फाइल उघडतही नाही. पीएनजी किंवा ईएक्सआरच्या सुट्या फ्रेम काढल्या तर जिथे थांबले तिथून पुढे चालू करता येते. ईएक्सआर हा फाइलचा प्रकार इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हीएफएक्स स्टुडिओने 2003 मध्ये खुला केला आणि आज बहुतेक व्हीएफएक्स स्टुडिओ तोच वापरतात. सॅम्पल कमी ठेवून उरलेला नॉइज डिनॉइझरने पुसला तर चार मिनिटांची फ्रेम बरेचदा एका मिनिटावर येते, फक्त हलत्या चित्रात डाग फडफडत नाहीत ना ते पाहावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याचा यूपीएस मोड चालू असावा, नाहीतर वीज जाताक्षणी पीसी रिस्टार्ट होतो. पीसी सतत 450 वॅट ओढत असेल तर पन्नास तासांचे साडेबावीस युनिट होतात. ते कोटेशनमध्ये धरावेत.

घरच्या पीसीवर कोणते काम मिळते, हेही आधीच समजून घ्यावे. मोठ्या चित्रपटांचे शॉट सुरक्षेच्या करारांमुळे सहसा स्टुडिओबाहेर जात नाहीत. तिथे शिरायचे तर रोटो (आकृती कापून वेगळी काढणे), पेंट (नको ते पुसणे) किंवा मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल जुळवणे) यांची नोकरी करावी लागते. घरून मिळतात ती मोशन ग्राफिक्सची, छोट्या जाहिरातींची, लघुपटांची आणि वेब मालिकांची कामे. दोन्हीकडे दार उघडते शोरील, म्हणजे निवडक कामांची छोटी फिल्म. ते साठ ते नव्वद सेकंदांचे असावे, सर्वांत चांगला शॉट पहिला, आणि प्रत्येक शॉटमध्ये मूळ चित्र, मधले टप्पे आणि शेवटचे चित्र दाखवावे, म्हणजे स्वतःचे काम नेमके किती ते कळते. नमुना दाखवण्याची ही रीत जुनी आहे: दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणे पेरून, कॅमेरा समोर रोखून, एकेक फ्रेम टिपत ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फिल्म केली आणि तीच दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळवले. घरी केलेल्या नमुन्याने भांडवल उभे राहण्याची महाराष्ट्रातली ही एक मोठी नोंद म्हणावी लागेल.

काम ठरले की किती वेळा बदल करून मिळतील, हे लेखी ठरवावे आणि अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत. फाइल कोणत्या फ्रेम रेटची, कोणत्या रिझोल्यूशनची, कोणत्या कोडेकची हवी हे पहिल्याच दिवशी विचारावे. मूळ प्रोजेक्ट फाइल द्यायची असेल तर तिचा वेगळा दर लावावा. चालू कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर. पैसे पूर्ण आल्यानंतरही निदान सहा महिने त्या पुसू नयेत, कारण गिऱ्हाइकाला नेमकी दिवाळीच्या जाहिरातीसाठी तीच फाइल पुन्हा हवी असते.

कळावे.

तुझा,
मामा