माथेरानची शेवटची चढण

पाहुण्याच्या ताटातील भाजीपासून खोलीतील धुतलेल्या चादरीपर्यंतची प्रत्येक वस्तू जेथून निघते तेथपासून जेथे वापरली जाते तेथपर्यंतच्या व्यवस्थेला पर्यटन व्यवसायातील पुरवठा साखळी म्हणतात. माथेरानमध्ये ती उघड्या डोळ्यांना दिसते, कारण सुमारे ८०० मीटर उंचीवरील या गिरिस्थानात खासगी मोटारींना बंदी असल्याने नेरळहून घाट चढून आलेला टेम्पो दस्तुरी नाक्यावरच थांबतो आणि तेथून बाजारपेठेपर्यंत माल घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावरून जातो.

प्रस्तुत लेखकाने येथील एका लहान हॉटेलची खरेदी काही हंगाम सांभाळली असून, मागणी स्वयंपाकघराच्या गरजेपेक्षा घोड्याच्या पाठीवरच अधिक ठरते, हे त्याला पहिल्याच हंगामात उमगले. व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो, शिवाय लोखंडाचे वजन वेगळे. एकाच बाजूला सिलिंडर बांधला तर ओझे कलते, म्हणून ते जोडीनेच मागवावे लागत. रिकामे सिलिंडर खाली पोहोचल्याशिवाय भरलेले मिळत नसत, त्यामुळे या परतीच्या वाहतुकीची, म्हणजेच उलट्या पुरवठा साखळीची, काळजी घोडेवाला हॉटेलवाल्यापेक्षाही अधिक घेई.

पर्यटनसेवा नाशवंत मानली जाते, कारण शनिवारी रिकामी राहिलेली खोली साठवून रविवारी विकता येत नाही. म्हणून गर्दीच्या अंदाजावर सारी खरेदी बेतावी लागते आणि पावसाळ्यात तो अंदाज हमखास कोलमडतो. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी २०१९ च्या अतिवृष्टीत रुळांखालचा भराव वाहून गेल्याने बंद पडली आणि नेरळपासून ती पुन्हा धावू लागली ती २०२२ मध्येच.

लेखकाला सर्वांत अधिक खटकले ते दराचे गणित. खोलीचे भाडे ठरवताना वीज, जेवण आणि दलालाचे कमिशन काटेकोरपणे धरले जाई, परंतु लाल चिखलातून ओझे वर आणणाऱ्यांची मजुरी ‘किरकोळ’ या सदरात ढकलली जाई, आणि पाहुण्याला सवलत द्यायची झाली की पहिली कात्री तिलाच लागे. हा उघड अन्याय होता. पुढे लेखकाने हिशेबाच्या वहीत ‘हमाली व घोडा’ असे स्वतंत्र खाते उघडले, तेव्हा तो खर्च मालकाच्या नजरेत भरला, मजुरीचा दर ठरला, आणि तांदूळ, तेल, साबण आठवड्याच्या मध्यावर, वाट मोकळी असताना येऊ लागल्यामुळे शनिवारच्या गर्दीत केवळ दूध व पालेभाजी वर चढवावी लागे.