उघडी खिडकी आणि घुमणारी खोली

घरी गाणे ऐकण्याचा आनंद स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि मूळ ध्वनिमुद्रण यांवर ठरतो, असे सर्रास मानले जाते. परंतु बंद खोलीत स्पीकरच्या आवाजाचा थोडाच भाग सरळ कानावर येतो आणि बाकीचा भिंती, छत व जमिनीवर आपटून किंचित उशिराने पोहोचतो, हे ध्यानात घेतले तर खोली हाही यंत्रसामग्रीचाच भाग ठरतो, आणि बहुधा तोच तिचा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावात हे विशेष जाणवावे, कारण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कौलारू घरांच्या जागी मुंबईच्या कमाईतून स्लॅबची घरे उभी राहिली आणि त्याच कमाईतून भारी संगीतयंत्रणाही आली.

आवाजाचा उगम थांबल्यावरही तो खोलीत काही काळ रेंगाळतो, त्याला अनुरणन म्हणतात, आणि त्याची पातळी 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे त्याचे माप. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून एका सदोष व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या आणि शोषणाचा हिशेब बसवला. त्यासाठी त्यांनी घेतलेले मूळ एकक होते उघड्या खिडकीचे क्षेत्रफळ, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही. या मापाने पाहता पडवीकडे मोकळे असलेले, कौलांच्या फटींतून श्वास घेणारे जुने माजघर फारच समृद्ध होते. त्याचे छप्पर उतरते असल्याने जमीन आणि छत समोरासमोर येत नसत, आणि माळ्याच्या फळ्या थरथरून खर्जातील आवाजाचा काही वाटा गिळून टाकत.

उलट 12 बाय 15 फुटांची, 10 फूट उंचीची, गिलावा केलेली आणि फरशी घातलेली रिकामी खोली घेतली आणि तिचे पृष्ठभाग आवाजाचा अवघा तीन टक्के भाग शोषतात असे धरले, तर दारे-खिडक्या बंद असताना अनुरणनकाल 3 सेकंदांच्या वर जातो. ख्यालातील द्रुत ताना त्यात एकमेकींवर सांडतात आणि तबल्याचे बोल पुसट होतात. गणपतीत चाकरमानी आले आणि वीस माणसे त्याच खोलीत बसली की, प्रत्येकाचे शोषण अर्ध्या चौरस मीटरच्या जवळपास असल्याने, हाच काळ पाऊण सेकंदाच्याही खाली येतो. यंत्र तेच, गाणेही तेच, पण ‘आज आवाज काय सुरेख लागलाय’ असे जो तो म्हणतो आणि श्रेय मात्र यंत्राला मिळते.

खर्जाची गोष्ट आणखी अवघड आहे. समांतर भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्यांच्या स्थिर लहरी तयार होतात. 12 फुटांच्या अंतरात पहिली सुमारे 47 हर्ट्झची आणि दुसरी तिच्या दुपटीची. डग्ग्याचा घुमारा या दुसरीच्या आसपास आला, तर एका खुर्चीवर तो छाती दाबतो आणि दुसरीवर नाहीसा होतो. भिंतीवरची गोधडी येथे कामाची नाही, कारण पातळ कापड फक्त वरचे सूर शोषते. अशा वेळी बसण्याची जागा बदलणे हा महागड्या ॲम्प्लिफायरपेक्षा खात्रीचा आणि फुकटचा इलाज आहे.

स्लॅबच्या बाजूनेही एक बोलले पाहिजे: जून ते सप्टेंबर पावसाच्या माऱ्यात कौलांखाली वा पत्र्याखाली मंद्र सप्तकातील आलाप ऐकणे निव्वळ अशक्य असते, आणि जाड स्लॅब ते शक्य करतो. म्हणजे जुन्या घराकडे परत जाण्याची गरज नाही. नव्या घराला थोडे मऊ करणे पुरेसे आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावेत, बैठक मागच्या भिंतीला टेकवू नये, जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी, कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची उंच थप्पी रचावी आणि मग ओळखीची ध्वनिमुद्रिका लावावी. एवढे करूनही समाधान झाले नाही, तर महाडची दुकाने कुठे पळून जात नाहीत.