डॅशनंतरचा आकडा

फाइलसोबत हेडरमध्ये येणारा ईटॅग अपारदर्शक समजावा, त्यात अर्थ शोधू नये, असं एचटीटीपीचं स्टँडर्ड सांगतं. ऑब्जेक्ट स्टोरेजवाल्या आमच्या जमातीत ते कुणी पाळलं नाही. ॲमेझॉनच्या एसथ्रीमध्ये साध्या पुटने चढवलेल्या फाइलचा ईटॅग म्हणजे सहसा तिचा एमडी५ चेकसम. मग पडताळणीला दुसरं काय धरणार? २०१० मध्ये फाइल पार्ट पाडून चढवणारं मल्टिपार्ट आलं आणि ईटॅगला डॅश आणि पार्टच्या संख्येचा आकडा लागला. प्रत्येक पार्टचा एमडी५ काढायचा, ते सगळे एकापुढे एक जोडायचे, त्यांचा पुन्हा एमडी५. तीच फाइल ८ एमबीच्या पार्टनी गेली तर एक ईटॅग, १६ च्या पार्टनी गेली तर दुसरा. बाइट तेच, हेडर वेगळं. आणि पार्ट केवढे होते हे ईटॅग सांगत नाही.

ते ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. १०० एमबीची फाइल आणि शेवटी १३: पार्ट ८ चे, बहुधा एडब्ल्यूएसच्या कमांड लाइनवरून चढवलेली. २० असेल तर ५ चे, आरक्लोन या कॉपी टूलची तेव्हाची सवय. रात्री-बेरात्री फोन यायचे आणि मी नुसता फाइलचा आकार आणि ईटॅग ऐकून सांगायचो. समोरचा गप्प झाला की मला फार बरं वाटायचं. अजूनही तो गप्पपणा हवासा वाटतो.

आमची सेवा एसथ्रीशी जुळणारी आहे, म्हणून तो डॅशही आम्ही उचलला. सेफ आणि मिनिओ या तशाच जुळणाऱ्या स्टोरेजनीही उचलला. गूगलचा मार्ग मला जास्त सचोटीचा वाटतो: तुकडे जोडून केलेल्या ऑब्जेक्टला एमडी५ देतच नाहीत, सीआरसी३२सी हा चेकसम तेवढा देतात. सीआरसीचं गणितच असं, की पार्टचे सीआरसी आणि लांबी हाती असली की अख्ख्या फाइलचा सीआरसी निघतो. एमडी५ला ते कधीच जमणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एसथ्रीनेही सीआरसी६४ डीफॉल्ट केला. वाचताना मात्र चेकसम मोड मागावा लागतो, नाहीतर हेडर येतच नाही. हा कद्रूपणा मला पटत नाही.

टीममध्ये नवी आलेली मुलगी सीआरसीचं ते एक हेडर ताडून पाहते आणि पुढे जाते. पार्टचा आकार तिला कधी ओळखावाच लागला नाही. आता ती म्हणते, सर, मल्टिपार्टचा ईटॅग सरळ रँडम करूया, स्टँडर्डला चालतं. चालतं, हे खरं. पण कुणाची तरी सिंक स्क्रिप्ट आजही त्या डॅशवर विसंबून आहे, आणि ती बंद पाडायला मी तयार नाही. डॅश राहणार, असं मी तिला सांगितलंय. त्या स्क्रिप्टइतकाच मीही त्याला धरून आहे, हे तिला सांगितलेलं नाही.